‘कसं काय?’ ‘मजेत!’ ...मोबाइलला मात्र खरं सांगा

दिवसातून दोनदा मूड विचारणारा, तुमच्या झोपेचा आणि चालण्याचा हिशेब ठेवणारा मोबाइल आता मनाच्या संशोधनातला भिडू झालाय. अशा एखाद्या स्टडीत नाव नोंदवायचं, की दुरूनच नमस्कार करायचा? सही करण्याआधी हे वाचाच!

लिफ्टमध्ये कुणीतरी भेटतं. ‘काय, कसं काय?’ ‘मजेत!’ बस्स, संवाद संपला. आदल्या रात्री जेमतेम दोन तास झोप झालेली असो, अप्रेझलचं टेन्शन असो, नाहीतर ब्रेकअपला आठवडाही उलटलेला नसो... उत्तर ठरलेलं. ‘मजेत!’ त्यात फसवाफसवी काही नाही म्हणा. विचारणाऱ्यालाही तेवढंच ऐकायचं असतं. लिफ्ट सातव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मनातलं सगळं सांगणार तरी कसं?

पण समजा, हाच प्रश्न मोबाइलने विचारला तर? मीटिंग रंगात आलेली, बॉसची पस्तिसावी स्लाइड सुरू आणि खिशात थरथर. स्क्रीनवर एकच ओळ, ‘या क्षणी कसं वाटतंय?’ खाली एक पट्टी. एका टोकाला ‘अजिबात आनंदी नाही’, दुसऱ्या टोकाला ‘खूप आनंदी’. बोट सरकवायचं आणि फोन खिशात. ना बॉस बघतोय, ना शेजारचा. इथे ‘मजेत’ म्हणायची सक्ती नाही!

स्मार्टफोनवरचं मानसिक आरोग्याचं संशोधन म्हणतात ते साधारण असंच सुरू होतं. हॉस्पिटलची पायरी नाही, पांढरा कोट नाही, ‘तुमच्या लहानपणाबद्दल सांगा’ नाही. फक्त तुम्ही आणि तुमचा फोन. ऐकायला एकदम सोप्पं. पण त्या फोनमधून तुम्ही नेमकं काय देता, ते कुठे जातं आणि बदल्यात काय मिळतं, हे प्रश्न तितके सोपे नाहीत.

ऑफिसचा नंबर शेवटून दुसरा

आधी जरा गंमत. २०१० साली ब्रिटनमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून ‘मॅपिनेस’ नावाचं एक आयफोन अ‍ॅप निघालं. जॉर्ज मॅकेरॉन या संशोधकाचं हे काम. अ‍ॅप दिवसातून एक-दोनदा अवचित बीप करायचं. किती आनंदी आहात, किती रिलॅक्स्ड आहात, कुठे आहात, कुणाबरोबर आहात आणि काय करताय, एवढंच विचारायचं. ‘काय करताय’साठी ४० गोष्टींची यादी. हजारो लोकांनी मिळून दहा लाखांहून जास्त वेळा उत्तरं दिली.

अ‍ॅलेक्स ब्रायसन आणि मॅकेरॉन यांनी मग त्या ४० गोष्टींची आनंदानुसार क्रमवारी लावली. पगारी काम कितवं आलं असेल? शेवटून दुसरं! त्याच्याही खाली एकच गोष्ट होती, आजारी पडून अंथरुणात लोळणं. पहिला नंबर कशाचा लागला हे तुम्ही ओळखलंच असेल, तेव्हा ते इथे छापत नाही.

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय? सोमवारी सकाळी लोकलमध्ये उभ्या कुणालाही विचारा की. पण गोम इथेच आहे. याच लोकांना निवांत वेळी ‘तुमचं काम तुम्हाला आवडतं का?’ असं विचारलं असतं, तर बहुतेकांनी ‘हो, छान आहे’ म्हटलं असतं. तेही खरंच. एकूण आयुष्यात कामाला अर्थ असतो, मान असतो, ईएमआय भरायला तर ते लागतंच. पण मंगळवारी दुपारी ३.४० ला, एक्सेलची शीट उघडी असताना कसं वाटतं, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तरही वेगळं. ते उत्तर पकडायचं तर ३.४० लाच विचारावं लागतं.

पेजरपासून खिशापर्यंत

हा फंडा स्मार्टफोनच्या फार आधीचा. १९७० च्या दशकात शिकागो विद्यापीठात मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या कमरेला पेजर लावले. पेजर वाजला की हातातलं काम थांबवायचं आणि वहीत लिहायचं, आत्ता काय करतोय, कसं वाटतंय. काम करता करता माणूस कसा रंगून जातो, ज्याला ते ‘फ्लो’ म्हणायचे, त्यासाठी या नोंदी कामी आल्या.

ही एवढी उस्तवार कशासाठी? कारण आपली आठवण भरवशाची नाही. डॉक्टर विचारतात, ‘गेले दोन आठवडे कसे गेले?’ आपण उत्तर देतो ते बहुधा काल रात्रीच्या मूडवरून. आज बरं वाटत असेल तर मागचे वाईट दिवस पुसट होतात. आज वाईट वाटत असेल तर चांगलेही काळे दिसतात. रोजच्या नोंदी असल्या की ही गडबड कमी होते.

मोबाइल आला आणि पेजर-वहीची कटकट संपली. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी आयफोनवरून २,२५० जणांना असंच अधूनमधून गाठलं. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. ४६.९ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतंच, भलतीकडे भटकत होतं. आणि भटकणारं मन हे बऱ्याचदा कमी सुखी मन होतं. मन वढाय वगैरे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याला टक्केवारी मिळाली ती खिशातल्या फोनमुळे.

न विचारताच कळतं तेव्हा...

इथपर्यंत सगळं ठीक. फोन विचारतो, आपण सांगतो. पण पुढची पायरी म्हणजे, फोन काहीच विचारत नाही. नुसता बघतो!

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये २०१३ च्या वसंत सत्रात अँड्र्यू कॅम्पबेल आणि त्यांच्या टीमने ‘स्टुडंटलाइफ’ नावाची स्टडी केली. ४८ विद्यार्थी, १० आठवडे, अँड्रॉइड फोन. फोनमधले सेन्सर गुपचूप नोंद करत राहिले. किती हालचाल झाली, अंदाजे झोप किती, आजूबाजूला गप्पा किती वेळ चालल्या. गप्पांमधलं बोलणं रेकॉर्ड होत नव्हतं, फक्त ‘संभाषण चालू आहे की नाही’ एवढंच फोन ओळखत होता. सत्राच्या सुरुवातीला पोरं मजेत. झोप व्यवस्थित, गप्पा भरपूर. मग असाइनमेंट्सचा डोंगर वाढत गेला तसा स्ट्रेस वर आणि झोप, गप्पा, हालचाल सगळं खाली! ज्यांच्या गप्पा जास्त, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी असंही दिसलं. आपल्या कट्ट्याला एवढं शास्त्रीय सर्टिफिकेट दुसरं कुठलं हवं?

युरोपातली ‘रडार’ स्टडी तर आणखी मोठी. लंडन, अ‍ॅमस्टरडॅम आणि बार्सिलोना इथल्या ६२३ जणांनी त्यात भाग घेतला. सगळ्यांना आधी नैराश्याचा त्रास होऊन गेलेला. मनगटावर फिटबिट, खिशात फोन आणि काहींच्या बाबतीत तब्बल दोन वर्षं नोंदी. दर दोन आठवड्यांनी नैराश्याची प्रश्नावली. अधूनमधून फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायचा, त्यासाठी सगळ्यांना वाचायला दिली होती इसापची वारा आणि सूर्याची गोष्ट. कारण मन खचलं की आवाजही बदलतो, बोलण्याचा वेग मंदावतो. घरातल्या माणसाला फोनवर नुसत्या ‘हॅलो’वरून कळतं ना, काहीतरी बिनसलंय म्हणून? तेच मशीनला कळतं का, हे त्यांना बघायचं होतं.

हेतू मोठा आहे. नैराश्य परत येतंय याची चाहूल माणसाला स्वतःला लागण्याआधीच फोनला लागली, तर वेळेत मदत मिळू शकेल. पण इथे एक मोठा ‘पण’ आहे. घरातून बाहेर पडणं कमी झालं की फोनला वाटतं, मूड गेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच रडार स्टडीतले लोक घरात कोंडले गेले. चालणं घटलं, फोनचा वापर वाढला, झोपायची वेळ पुढे गेली. मग काय सगळे एकाच आठवड्यात आजारी पडले? नाही. सरकारने घरी बसवलं होतं! सेन्सरला ‘घरी आहे’ एवढं कळतं. ‘का’ ते कळत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं.

सहभागी झालात तर नक्की काय होतं?

प्रत्येक स्टडीचे नियम वेगळे, पण साधारण रस्ता असा.

सुरुवात होते ती माहितीपत्रक आणि संमतीपत्राने. इंटरनेटवर ‘आय अ‍ॅग्री’ दाबायची आपल्याला भारी सवय. इथे मात्र ती सवय बाजूला ठेवायची. चांगल्या स्टडीत कुणीतरी फोनवर किंवा समोर बसून सगळं समजावतं आणि तुमचे प्रश्न ऐकून घेतं.

मग येते पहिली प्रश्नावली. बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-९ असते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही ९ प्रश्नांची छोटी चाचणी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७ पैकी. १० किंवा जास्त आले तर नीट तपासून घ्यायला हवं, असा संकेत आहे. पण हे निदान नव्हे हं. ताप मोजला म्हणजे मलेरिया ठरत नाही, तसंच हे.

नंतर अ‍ॅप टाकायचं आणि परवानग्या द्यायच्या. लोकेशन, हालचाल, स्क्रीन किती वेळ चालू, कॉल किती झाले, कधी मायक्रोफोन. त्यानंतर आठवडे किंवा महिने तुमचं रोजचं आयुष्य आणि दिवसातून एखाद-दोन बीप. बॅटरी जरा लवकर संपते. चार्जर जवळ बाळगा.

पहिले दोन दिवस मजा वाटते. चौथ्या दिवशी बीप वाजला की ‘आत्ता नको रे बाबा’ होतं. सहाव्या दिवशी नोटिफिकेशन बंद! हसू नका, जगभर हेच होतं. २०१४ ते २०१९ या काळातल्या ८ डिजिटल आरोग्य स्टडीजचा एक एकत्रित अभ्यास २०२० मध्ये आला. एक लाखाहून जास्त लोक. त्यातले निम्मे साडेपाच दिवसांत गळाले होते! जिम लावून सोडणारे आपण एकटेच नाही. टिकले कोण? ज्यांना त्यांच्या डॉक्टरने पाठवलं होतं ते सरासरी कितीतरी जास्त, जवळपास ४० दिवस अधिक. म्हणजे पुन्हा मुद्दा माणसाचाच. आपली नोंद कुणीतरी ओळखीचं माणूस बघतंय असं वाटलं, की आपण टिकतो.

आपल्याकडे काय?

‘हे सगळं गोऱ्यांचं कौतुक झालं, आपलं काय?’ असं म्हणत असाल तर थांबा. आपल्याकडेही सुरुवात झालीये. आणि त्यातला एक धागा थेट गोव्यात जातो.

१९९६ मध्ये गोव्यात ‘संगथ’ ही संस्था सुरू झाली. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांकडून समुपदेशन करवून नैराश्यावर उपचार होऊ शकतात, हे या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये दाखवून दिलं. याच ‘संगथ’ने पुढे भोपाळमध्ये, बेंगळुरूच्या निम्हान्सने आणि अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संशोधकांनी मिळून एक स्मार्टफोन स्टडी केली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा आजार पुन्हा उसळण्याआधी फोनच्या नोंदींमध्ये काही वेगळं दिसतं का, हा प्रश्न होता. उत्तर आशादायक निघालं. आजार उसळण्याच्या आधीच्या महिन्यात नेहमीपेक्षा वेगळ्या नोंदी साधारण दुपटीने वाढलेल्या दिसल्या.

भारतीय लोकांनी यात उतरणं महत्त्वाचं का? कारण तिकडचं गणित इकडे चालत नाही. भारतासह आठ देशांतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या फोनवरून मूड ओळखायचा एक मोठा प्रयोग झाला. चीन, डेन्मार्क, इटली, मेक्सिको, मंगोलिया, पॅराग्वे आणि ब्रिटन हे बाकीचे. एका देशाच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या देशात गेलं की चुकायला लागलं. साहजिकच आहे. डार्टमथच्या शांत कॅम्पसवर ‘आजूबाजूला बोलणं चालू आहे’ याचा अर्थ मित्रांशी गप्पा. आपल्या विरार फास्टमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाच्या आजूबाजूलाही बोलणं चालूच असतं, पण तो दीड तासात एका शब्दाने कुणाशी बोललेला नसतो! फोन म्हणणार, वा, काय सोशल माणूस आहे. आपल्या जगण्याचा डेटाच नसेल, तर उद्या तिकडून तयार होऊन आलेलं अ‍ॅप आपल्याला असंच चुकीचं ओळखणार.

आणि गरज तर प्रचंड आहे. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. सगळ्यांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. फोन मात्र जवळपास प्रत्येक हातात आहे.

नवव्या प्रश्नाचं काय?

आता जरा गंभीर होऊया. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न विचारतो, मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार मनात येतात का?

डॉक्टरच्या केबिनमध्ये याचं उत्तर ‘हो’ आलं, की डॉक्टर पेन खाली ठेवतात. खुर्ची पुढे ओढतात. बोलणं सुरू होतं. पण रात्री दोन वाजता, पीजीच्या खोलीत एकट्याने अ‍ॅपवर ‘जवळपास रोज’ असं टिक केलं तर? पलीकडे कोण असतं?

बऱ्याचदा, कुणीच नाही. हे नीट समजून घ्यायला हवं. अनेक स्टडीजमध्ये डेटा सर्व्हरवर जाऊन पडतो आणि आठवड्यांनी उघडला जातो. म्हणूनच काही संशोधक हा प्रश्नच काढून टाकतात. रडार स्टडीत पीएचक्यू-८ वापरली गेली, म्हणजे तीच प्रश्नावली, नववा प्रश्न वगळून. काही ठिकाणी उलटं करतात. प्रश्न ठेवतात, पण ‘हो’ आलं की लगेच स्क्रीनवर हेल्पलाइन नंबर येतो किंवा टीममधला माणूस ठरलेल्या वेळेत फोन करतो. दोन्ही मार्गांना आपापली बाजू आहे. चुकीचं एकच, प्रश्न विचारायचा आणि उत्तराकडे कुणी बघायचंच नाही.

तेव्हा लक्षात ठेवा, स्टडी म्हणजे उपचार नव्हेत. ‘मी रोज त्या अ‍ॅपला सगळं सांगतेय, म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून असेलच’ हा समज धोक्याचा. अ‍ॅपला सांगितलं म्हणजे माणसाला सांगितलं असं होत नाही. मनात असे विचार येत असतील तर स्टडी चुलीत गेली, आधी माणूस गाठा.

डेटा कुणाचा, बाबांनो?

जानेवारी २०१२ मध्ये एका आठवड्यासाठी ६,८९,००३ लोक एका मानसशास्त्रीय प्रयोगात सामील होते. आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! फेसबुकने त्यांच्या न्यूज फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून पाहिल्या. त्यांच्या स्वतःच्या पोस्टवर काय परिणाम होतो, ते तपासलं. परिणाम अगदीच बारीक निघाला. पण जून २०१४ मध्ये पेपर छापून आला आणि जगभर बोंब झाली. ‘आम्हाला विचारलं कुणी?’ ज्या नियतकालिकाने पेपर छापला, त्यालाच वेगळी टिप्पणी छापून संमतीच्या मुद्द्यावर चिंता व्यक्त करावी लागली.

म्हणून तर संमतीपत्राचा एवढा बाऊ. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे माणसांवरच्या आरोग्य संशोधनाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते. आणि कधीही, कारण न सांगता बाहेर पडायचा हक्क तुम्हाला असतो. बाहेर पडलात म्हणून तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये.

स्टडी आणि बाजारातलं वेलनेस अ‍ॅप यात इथेच फरक पडतो. अ‍ॅपवाल्यांना एथिक्स कमिटी नसते, असते ती मार्केटिंग टीम. ऑनलाइन थेरपी देणाऱ्या ‘बेटरहेल्प’वर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये कारवाई केली. लोकांनी भरलेली आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिली, असा आरोप होता. प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं.

‘पण माझं नाव काढून टाकणार आहेत ना?’ हो, काढतात. तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. २०१३ मध्ये युरोपातल्या एका देशातल्या १५ लाख लोकांच्या मोबाइल लोकेशनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाव-गाव काही नाही, फक्त कुठे आणि केव्हा. त्यातल्या फक्त ४ नोंदी पुरल्या, ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता आले. विचार करा ना. रात्री डोंबिवलीच्या अमुक गल्लीत आणि दिवसा अंधेरीच्या अमुक इमारतीत असणारी माणसं किती असतील? नाव लिहायची गरज काय!

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं. पण एक बारीक अक्षरातली गोष्ट. संशोधनाला या कायद्यात सवलत आहे. ठरलेले निकष पाळले आणि त्या डेटावरून तुमच्या एकट्याबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल, तर बरेचसे नियम लागू होत नाहीत. म्हणजे तुमचं खरं संरक्षण कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या संमतीपत्रात आहे. तेच वाचायला आपण कंटाळतो!

आणि हो, ऑफिसवाल्यांसाठी खास. एचआरने ‘वेलनेस वीक’मध्ये एखादं मूड अ‍ॅप वाटलं, तर पहिला प्रश्न विचारा, रिपोर्ट कुणाला जातो? दहा जणांच्या टीमचा ‘सरासरी मूड’ काढला तरी बॉसला बरोब्बर कळतं कुणाचा पाय घसरलाय. शक्यतो कंपनीने दिलेल्या फोनवर असलं काही टाकूच नका. आपलं मन, आपला फोन.

मग, करायचं का?

सरळ सांगायचं तर, हो. डोळे उघडे ठेवून.

तुम्हाला लगेच काय मिळेल? फारसं नाही. थोडंफार मानधन, कधी एखादा ग्राफ. काही जणांना रोजच्या नोंदीतून स्वतःचा पॅटर्न दिसतो, रविवार संध्याकाळी घसरण, मित्रांच्या भेटीनंतर चढ. काहींना सारखं ‘कसं वाटतंय’ विचारलेलं नकोसं होतं. दोन्ही ठीक. नकोसं झालं तर बाहेर पडा, कुणी जाब विचारणार नाही.

पण सध्या तुम्हाला खूप त्रास होत असेल, तर स्टडी हा रस्ता नव्हे. आधी डॉक्टर, समुपदेशक, जवळचं माणूस. थोडं सावरलात की मग द्या विज्ञानाला दोन बीप.

कारण शेवटी हे देणंच आहे. रक्तदान करताना आपण विचारत नाही, माझं रक्त कुणाला चढवणार. फक्त सुई नवी आहे ना, एवढं मात्र बघून घेतो. इथेही तेच. तुमच्या मंगळवार दुपारच्या ३.४० च्या प्रामाणिक उत्तरातून उद्या कुणाला तरी वेळेत हाक ऐकू जाईल. सुई तेवढी तपासून घ्या.

सही करण्याआधी विचाराच!

- स्टडी कोण करतंय? विद्यापीठ, हॉस्पिटल की कंपनी? पैसे कुणाचे?
- एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? कमिटीचा संपर्क पत्रकावर छापलाय का?
- फोनमधून नेमकं काय घेणार? मायक्रोफोन असेल तर बोलणं साठवणार, की फक्त आवाजाचे गुणधर्म?
- डेटा कुठे, किती वर्षं राहणार? पुढे दुसऱ्या कुणाला देणार का?
- मी बाहेर पडले किंवा पडलो, तर आधीचा डेटा पुसणार का?
- माझी उत्तरं काळजी करण्यासारखी असतील, तर कोण बघणार? किती वेळात?
- निष्कर्ष मला कळवणार का?

एकाही प्रश्नाला ‘ते बघू नंतर’ असं उत्तर आलं, तर तुम्हीही म्हणा, ‘मग सहीचंही बघू नंतर!’

आणि हा नंबर सेव्ह करा: टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. रात्री-अपरात्री केव्हाही लावा. इथे पलीकडे खरंखुरं माणूस असतं, आणि त्याला ‘मजेत’ म्हणायची काही गरज नाही.